कॉपी किती झाली, किती राहिली : आरसिंकची ओळख

पीएच.डी.ला प्रवेश घेतला की काही कामं कुणी न सांगता तुमच्या गळ्यात येतात. डेटा इकडून तिकडे हलवणं हे त्यातलं पहिलं. सूक्ष्मदर्शकाच्या संगणकावरून हार्ड डिस्कवर, डिस्कवरून लॅबच्या सर्व्हरवर, सर्व्हरवरून क्लस्टरवर, आणि निकाल आले की उलट दिशेने परत. कोर्सवर्कमध्ये संख्याशास्त्र असतं, प्रकाशनाची नीतिमत्ता असते, पण ५०० जीबीचा फोल्डर सुखरूप कसा हलवायचा हे नसतं. तुम्ही अजून नेट-सेटच्या तयारीत असाल तर हे वाचून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

(एक सूचना : आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत, आणि मी वेगळं सांगितलं नसेल तिथे लहान अक्षरांत टाइप करायच्या.)

लिनक्सवर नवा माणूस आधी ‘सीपी -आर’ शिकतो. आज्ञा दिली, एंटर दाबला, आणि पुढे काहीच नाही. कर्सर लुकलुकतोय. पाच मिनिटं झाली, अर्धा तास झाला. काम चालू आहे का अडकलंय, कळायला मार्ग नाही. युनिक्सची ही जुनी शिस्त आहे : सगळं ठीक असेल तर गप्प राहायचं. एका आज्ञेचं आउटपुट दुसरीला द्यायचं असतं तेव्हा ही शिस्त फार सोयीची पडते. पण समोर माणूस बसलेला असेल आणि काम तीन तासांचं असेल तर ती नुसती छळते.

तरी खरी अडचण कंटाळ्याची नाही. मध्येच लाईट गेली, केबल हलली, लॅपटॉप झोपला, तर काय पूर्ण झालं आणि काय राहिलं हे ‘सीपी’ तुम्हाला सांगू शकत नाही. अर्धवट आलेल्या फाइलचं नाव पूर्ण फाइलसारखंच असतं. इमेज किंवा झिप फाइल तुटलेली असेल तर उघडताना बहुधा तक्रार करते. सीएसव्ही मात्र करत नाही. ८ लाख ओळींच्या जागी ५ लाख ओळी आल्या, तरी तुमचा पायथनचा कोड ती मुकाट्याने वाचतो, सरासरी काढतो, आलेखही काढून देतो. आलेख दिसायला छान असतो आणि चुकीचा असतो. गाईडला तो दाखवून झालेला असतो, कदाचित पोस्टरवर छापूनही झालेला असतो.

म्हणून फोल्डर कॉपी करण्यासाठी पहिल्या दिवसापासून आरसिंकची सवय लावा.

आता थोडा इतिहास, कारण तो आपल्या जातकुळीचा आहे. आरसिंक हे एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचं काम आहे. अँड्र्यू ट्रिजेल ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत संशोधन करत होते. पॉल मॅकेरास यांच्याबरोबर त्यांनी जून १९९६ मध्ये आरसिंक जाहीर केलं आणि त्याच्या पद्धतीवर एक छोटा तांत्रिक अहवाल लिहिला. १९९९ च्या त्यांच्या प्रबंधाचा एक मोठा भाग समांतर संगणकांवर क्रमवारी कशी लावायची यावर आहे, आणि दुसरा याच गोष्टीवर. विंडोज आणि युनिक्सच्या यंत्रांना एकमेकांच्या फाइली वाचू देणारं ‘सांबा’ हेही ट्रिजेल यांचंच. तो १९९६ चा अहवाल जरूर वाचा. मोजकी पानं आहेत आणि एकही वाक्य फुकट नाही. आपल्याकडे पहिलं प्रकरण ८० पानांचं झालं नाही तर चैन पडत नाही, ते सोडा.

आता रोजच्या वापराची आज्ञा बघू : ‘आरसिंक -एएचपी कच्चाडेटा बॅकअप’. यातला ‘पी’ कॅपिटल आहे, बाकीची दोन्ही अक्षरं लहान. ‘ए’ म्हणजे आर्काइव्ह : आतले सगळे फोल्डर घे, फाइलींच्या तारखा, परवानग्या, सिम्बॉलिक लिंक जशाच्या तशा ठेव. तारखा टिकणं महत्त्वाचं आहे, का ते पुढे येईलच. ‘एच’मुळे आकडे माणसाला वाचता येतील असे दिसतात. कॅपिटल ‘पी’ हा दोन पर्यायांचा जोड आहे : प्रगती दाखव, आणि मध्येच तुटलं तर अर्धी आलेली फाइल फेकून देऊ नकोस.

प्रगतीच्या ओळीत चार आकडे दिसतात. समजा ओळ अशी आहे : १.२४ जीबी, ६३%, ११० एमबी प्रतिसेकंद, ०:००:०६. इतका भाग गेला, या फाइलचे इतके टक्के झाले, आत्ताचा वेग इतका, आणि या वेगाने ६ सेकंद राहिले. फाइल संपली की शेवटच्या आकड्याचा अर्थ बदलतो. तिथे उरलेला वेळ नसतो, लागलेला वेळ असतो. शेजारी कंसात ‘टू-चेक १६९/३९६’ अशा धर्तीचं काही येतं, म्हणजे ३९६ पैकी १६९ बाबी अजून तपासायच्या आहेत. काही वेळा ‘टू’च्या जागी ‘आयआर’ दिसतं. त्याचा अर्थ यादीच अजून पूर्ण झालेली नाही. आवृत्ती ३.० पासून आरसिंक सगळी यादी तयार व्हायची वाट बघत नाही. एकीकडे फोल्डर धुंडाळतं, दुसरीकडे कॉपी सुरू करतं.

इथे एक घोळ आहे. ‘-पी’ प्रत्येक फाइलची प्रगती वेगळी दाखवतं. लाखभर छोट्या फाइली असतील तर पडद्यावर नुसता धबधबा सुरू होतो, आणि एकूण कुठवर आलो ते कळतच नाही. त्यासाठी ३.१ आवृत्तीपासून ‘--इन्फो=प्रोग्रेस२’ हा पर्याय आहे. तो सगळ्या कामाचा मिळून एकच टक्का दाखवतो. पण कधी कधी हा टक्का मागे जातो! ४०% होता, एकदम ३१% झाला. घाबरू नका. यादी अजून बनत होती, नवे फोल्डर सापडले, एकूण बेरीज वाढली, म्हणून टक्का उतरला. हे नको असेल तर ‘--नो-इंक-रिकर्सिव्ह’ जोडा. मग आधी पूर्ण यादी होते आणि नंतरच कॉपी सुरू होते. आणखी एक गंमत : तीच आज्ञा दुसऱ्यांदा चालवली तर काम ३ किंवा ५ टक्क्यांवरच संपलेलं दिसू शकतं. आधीच पोचलेल्या फाइली एकूण आकारात धरल्या जातात, पण ‘पाठवलेल्या’त धरल्या जात नाहीत. काही बिघडलेलं नसतं.

पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर लिहिताना वेगाचा आकडा तर सरळ फसवतो. सुरुवातीला ४०० एमबी प्रतिसेकंद दिसतो आणि तुम्ही खूश होता. तो डेटा डिस्कवर गेलेला नसतो, तुमच्या रॅममध्ये साठलेला असतो. लिनक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत घेतं आणि मग सवडीने डिस्कवर उतरवतं. मेमरीचा ठरावीक हिस्सा भरला की वेग धाडकन पडतो. आणि १००% दिसल्यावरही बराच मजकूर उतरायचा बाकी असू शकतो. म्हणून शेवटी ‘सिंक’ ही आज्ञा द्या. प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबा, मग डिस्क ‘इजेक्ट’ करा, मगच हात लावा.

वेळेचा अंदाज मात्र स्वतः करायला शिका, पडद्यावर विसंबू नका. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइली बाइटमध्ये मोजतात, म्हणून आठाने भागायचं. १०० मेगाबिटची लाइन म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी. १ टीबीला ८०,००० सेकंद, म्हणजे साधारण २२ तास. गिगाबिटवर तेच काम सव्वादोन तासांत होतं. ‘उद्या सकाळी डेटा देते’ असं कुणाला सांगण्याआधी हा भागाकार करा. आणि हा झाला मोठ्या फाइलींचा हिशोब. १०० जीबी जर २० फाइलींत असतील तर हिशोब जुळतो, पण तेच १०० जीबी १० लाख फाइलींत विखुरलेले असतील तर प्रत्येक फाइल उघडणं, नोंद करणं, बंद करणं यातच वेळ जातो. असे फोल्डर ‘टार’ने एका फाइलीत बांधून पाठवलेले बरे.

आता स्लॅश. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ याच्यात होतो. ‘कच्चाडेटा’ असं लिहिलं तर बॅकअपच्या आत कच्चाडेटा नावाचा फोल्डर तयार होतो. ‘कच्चाडेटा/’ असं शेवटी स्लॅश देऊन लिहिलं तर फक्त आतला माल बॅकअपमध्ये ओतला जातो. स्लॅश नसेल तर डबा जातो, स्लॅश असेल तर डब्यातली भाजी जाते. लक्षात ठेवायचं ते एवढंच. टर्मिनलमध्ये टॅब दाबून नाव पूर्ण केलं की शेलच शेवटी स्लॅश लावून देतं, त्यामुळे न ठरवता भाजी ओतली जाते. एंटर दाबण्यापूर्वी तेवढं एक अक्षर बघा.

मध्येच तुटलं तर काय? तीच आज्ञा पुन्हा द्यायची, बस. आरसिंक प्रत्येक फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ दोन्हीकडे ताडून बघतं. दोन्ही जुळलं तर फाइल सोडून पुढे जातं. म्हणून तारखा टिकवणारा ‘ए’ हवा. तो नसेल तर कॉपीची तारीख आजची पडते, जुळणी फसते, आणि पुढच्या वेळी तीच फाइल पुन्हा तपासणीत येते. शिवाय आरसिंक नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहितं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं. मध्ये वीज गेली तरी अर्धवट फाइल खऱ्या नावाखाली बसत नाही. अपवाद ‘-पी’चा. तो अर्धी फाइल मुद्दाम राखून ठेवतो आणि कॉपी थांबवली तर ती खऱ्या नावानेच दिसते. तेव्हा ‘-पी’ वापरत असाल तर आज्ञा कुरकुर न करता संपेपर्यंत तो फोल्डर विश्लेषणाला घेऊ नका. हे नको असेल तर ‘--पार्शल-डर’ने अर्धवट माल वेगळ्या फोल्डरात ठेवता येतो.

जुन्या पेनड्राइव्हची फॅट३२ फाइल प्रणाली वेळ २ सेकंदांच्या पायरीने नोंदवते. मग वेळ जुळत नाही आणि आरसिंक सगळं पुन्हा कॉपी करत बसतं. तिथे ‘--मॉडिफाय-विंडो=१’ द्या. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तर फॅट३२ वर जातच नाही, त्याला आरसिंकचाही इलाज नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. एका दूरच्या सर्व्हरवर तुमच्या १० जीबीच्या फाइलची कालची प्रत आहे, आणि आज तुम्ही त्या फाइलच्या सुरुवातीला फक्त एक ओळ घातली आहे. सगळी फाइल पाठवायची? नको. पण बदल नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं? एक यंत्र इथे, दुसरं तिथे. दोन्ही प्रती एका जागी असत्या तर तुलना केली असती. त्या एका जागी आणायच्या तर सगळी फाइल पाठवावीच लागेल!

सोपा वाटणारा उपाय असा : फाइलचे समान तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याची एक छोटी खूण काढा, ज्याला आपण चेकसम म्हणतो, आणि फक्त खुणा ताडून बघा. पण सुरुवातीला एक ओळ घातल्यामुळे पुढचं सगळं सरकलेलं आहे. एकही तुकडा आपल्या जागी नाही, त्यामुळे एकही खूण जुळणार नाही. ट्रिजेल यांचा मार्ग असा : जिच्याकडे जुनी प्रत आहे ती बाजू तुकडे पाडून खुणा पाठवते. नवी प्रत असलेली बाजू ठरावीक जागीच बघत नाही. ती तुकड्याएवढी खिडकी एकेक बाइट पुढे सरकवत प्रत्येक जागी विचारते, ‘हा तुकडा त्यांच्याकडे आहे का?’ आहे तर फक्त त्याचा क्रमांक पाठवते, नाही तर खरे बाइट पाठवते.

१० जीबीच्या फाइलमध्ये जवळपास हजार कोटी जागा आहेत. प्रत्येक जागी नव्याने खूण काढली तर जन्म जाईल. म्हणून खूण अशी निवडली की खिडकी एक घर सरकली तर आधीच्या उत्तरावरून नवं उत्तर लगेच निघतं. कागदावर करून बघा. बाइट आहेत ४, ७, २, ९, ५ आणि खिडकी चारची. पहिली बेरीज साधी : ४+७+२+९=२२. खिडकी सरकली, ४ बाहेर, ५ आत : २२−४+५=२३. पण नुसत्या बेरजेला क्रम कळत नाही, ४,७ काय आणि ७,४ काय. म्हणून दुसरी, वजन दिलेली बेरीज : ४×४+३×७+२×२+१×९=५०. ही सरकवायची तर बाहेर गेलेल्या बाइटची चौपट वजा करा आणि नवी साधी बेरीज मिळवा : ५०−१६+२३=५७. आता थेट मोजून बघा : ४×७+३×२+२×९+१×५, हेही ५७. खिडकी चारची असो की चार हजारची, सरकवायला तेवढीच दोन-तीन गणितं लागतात. प्रत्यक्षात दोन्ही बेरजा १६-१६ बिटांत ठेवून ३२ बिटांची एक खूण होते.

ही खूण स्वस्त आहे आणि स्वस्तातल्या मालासारखीच कच्ची आहे, वेगळ्या तुकड्यांची खूणही कधीकधी सारखी निघते. म्हणून ती जुळली तरच दुसरी, महाग आणि पक्की खूण काढून खात्री करायची. १९९६ मध्ये त्यासाठी एमडी४ हे फंक्शन होतं, पुढे ३.० पासून एमडी५ आलं. स्वस्त चाळणीने बहुतेक जागा गाळायच्या, महाग चाचणी उरलेल्यांवर करायची. औषधाचे रेणू किंवा जीन यांची छाननी करणाऱ्यांना हा विचार ओळखीचा वाटेल.

एक बारीक गोष्ट. एकाच संगणकावर डिस्क ते डिस्क कॉपी करताना आरसिंक ही सगळी हुशारी बंद ठेवतं आणि बदललेली फाइल पूर्ण लिहितं. तिथे अडचण नेटवर्कची नसते, आणि तुलना करायला दोन्ही प्रती वाचण्यापेक्षा सरळ लिहून टाकणं स्वस्त पडतं. म्हणून घरच्या घरी ९०% झालेली मोठी फाइल तुटली तर ती पहिल्यापासून सुरू होते. पूर्ण झालेल्या फाइली मात्र सुटतात.

कॉपी बरोबर झाली का, याची तपासणी? पाठवलेल्या प्रत्येक फाइलची पूर्ण खूण आरसिंक स्वतःच ताडतं. पण ती खूण फाइल येता येता काढलेली असते, डिस्कवर उतरलेलं परत वाचून नव्हे. मूळ डेटा पुसणार असाल तर एवढ्यावर थांबू नका. डिस्क काढून पुन्हा जोडा, म्हणजे मेमरीतली प्रत वाचली जाणार नाही, आणि मग ‘आरसिंक -एएनसीआय’ चालवा. ‘सी’ दोन्हीकडच्या फाइली पूर्ण वाचून ताडतो, ‘एन’ प्रत्यक्ष काहीच बदलत नाही, ‘आय’ फरक असलेली नावं दाखवतो. एकही फाइल वेगळी किंवा गहाळ दिसली नाही तर पुसा. याला पहिल्या कॉपीइतकाच वेळ लागू शकतो. लागू दे. मायक्रोस्कोपवरचा तुमचा स्लॉट पुन्हा मिळायला किती वेळ लागतो ते आठवा.

‘एन’ची, म्हणजे रंगीत तालमीची, सवय आणखी एका कारणासाठी हवी : ‘--डिलीट’. हा पर्याय दिला तर मूळ जागी नसलेलं सगळं बॅकअपमधूनही पुसलं जातं. आता समजा बाहेरची डिस्क माउंटच झालेली नाही आणि त्या नावाचा रिकामा फोल्डर तेवढा आहे. आरसिंकच्या दृष्टीने मूळ रिकामं, म्हणून बॅकअपही रिकामा. कुठेही त्रुटीचा संदेश नाही, कारण तुम्ही सांगितलं तेच त्याने केलं. स्क्रिप्टमध्ये ‘--मॅक्स-डिलीट’ देऊन किती फाइली पुसायला परवानगी आहे त्याला मर्यादा घाला.

हे काल्पनिक भय नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरून ७७ टीबी डेटा गेला, सुमारे ३.४ कोटी फाइली, १४ संशोधन गटांच्या. त्यातल्या ४ गटांचा डेटा परत मिळवता आला नाही. तिथे कारण आरसिंक नव्हतं. जुन्या लॉग फाइली पुसणारी बॅकअपची स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी नवी आवृत्ती टाकली गेली. शेल स्क्रिप्ट चालता चालता वाचलं जातं, त्यामुळे ते मधूनच नव्या मजकुरात शिरलं. व्हेरिएबल रिकामे राहिले आणि पुसण्याची आज्ञा लॉगऐवजी संशोधकांच्या फाइलींवर चालली. ‘आमच्याकडे बॅकअप आहे’ असं लॅबमध्ये कुणी म्हणालं की तो कुठल्या आज्ञेने होतो आणि ती आज्ञा काय पुसू शकते, एवढं विचारून घ्या. ज्युनिअर असलात तरी विचारा.

मॅक वापरणाऱ्यांसाठी : ॲपलने बरीच वर्षं आरसिंकची २.६.९ ही जुनी आवृत्तीच दिली, त्यात ‘प्रोग्रेस२’ नाही. होमब्रूवरून नवं घ्या. विंडोजवर ‘रोबोकॉपी’ आहे. ‘/ई’ने आतले सगळे फोल्डर, ‘/झेड’ने तुटलेली फाइल तिथूनच पुढे, ‘/एल’ने नुसती यादी. ‘/एमआयआर’ म्हणजे तिकडचं ‘--डिलीट’, तेव्हा तीच काळजी. एकाच मोठ्या फाइलची प्रगती बघायची असेल तर ‘पीव्ही’ पुरे, त्यासाठी आरसिंकची गरज नाही.

आणि क्लस्टरवर २२ तासांची कॉपी लावून लॅपटॉप बंद करून घरी जाणार असाल, तर आधी ‘टीमक्स’ सुरू करा आणि त्याच्या आत आरसिंक चालवा. कंट्रोल आणि बी दाबून सोडा, मग डी दाबा. सत्र सर्व्हरवर चालू राहतं. एक अट : पाठवणारं यंत्र तुमचा लॅपटॉप नसावा. सकाळी लॉगिन करून ‘टीमक्स अटॅच’ म्हटलं की प्रगतीची तीच ओळ समोर येते.